घरात राहून परकं पडलेल्यांसाठी: समलैंगिक आणि बायसेक्शुअल माणसांनी मन कसं सांभाळावं

वाळीत टाकायला घराबाहेर काढावंच लागतं असं नाही. चुलतभावाच्या केळवणाला सगळ्यांना बोलावणं जातं आणि तुमच्याबद्दल मात्र 'त्याला कुठे सुट्टी मिळणार' असं परस्पर ठरतं. घरच्यांचा तुम्हाला वगळून दुसरा व्हॉट्सॲप ग्रुप होतो. भाचा मांडीवर येऊन बसला की वहिनी त्याला काहीतरी निमित्त काढून हाक मारते. ज्यांनी अजून कुणालाच काही सांगितलेलं नाही, त्यांचं पान पंगतीत वाढलेलं असतं, पण त्या पानावर बसलेला माणूस घरच्यांच्या ओळखीचा नसतो. या दोन्ही प्रकारांत माणूस झिजतो, आणि नेमकं काय झालं हे कुणाला सांगताही येत नाही.

ही झीज कशी होते यावर अमेरिकी संशोधक इलन मायर यांनी २००३ मध्ये मांडणी केली. त्यांनी ताणाचे दोन भाग केले. पहिला बाहेरून येतो: टोमणे, मारहाण, नोकरीत डावललं जाणं. दुसरा आत चालू राहतो: समोरचा आता काहीतरी बोलेल ही सततची धास्ती, लपवण्यासाठी करावी लागणारी राखण, आणि लहानपणापासून ऐकलेलं स्वतःबद्दल खरं मानणं. अशा माणसांत उदासी आणि चिंता जास्त दिसते ती या ताणामुळे. आकर्षण कुणाबद्दल वाटतं हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली आणि भारतीय मानसोपचार संघटनेने २०१८ मध्ये तेच जाहीरपणे सांगितलं.

पुढे जे लिहिलं आहे त्याचा क्रम असा: आधी माणसं, मग मनाची तपासणी, मग कागद आणि पैसा, आणि त्यानंतर घरात बोलणं. बहुतेकांच्या डोक्यात हा क्रम उलटा असतो. आधी आईला सांगायचं, मग बाकी बघू. पाठीशी एकही माणूस नसताना आणि खिशात महिन्याचं भाडं नसताना सांगितलं की घरच्यांची पहिली प्रतिक्रिया हाच आयुष्याचा निकाल वाटतो.

शब्दांचा एक घोळ

शाळेच्या जीवशास्त्रात गांडूळ 'उभयलिंगी' असतं, म्हणजे एकाच शरीरात नर-मादी दोन्ही अवयव असतात. तोच शब्द बायसेक्शुअल माणसासाठी वापरला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भलतंच येतं. म्हणून 'बायसेक्शुअल' किंवा 'उभयलैंगिक' म्हणा आणि एका वाक्यात अर्थ सांगा: मला पुरुषही आवडू शकतात, स्त्रियाही. तसंच घरच्यांना गे आणि तृतीयपंथी यांतला फरक बहुधा माहीत नसतो. 'आता तू साडी नेसणार का?' हा प्रश्न दरवेळी खवचटपणे येतो असं नाही, बऱ्याचदा तो खऱ्या गोंधळातून येतो. दोन्हींत कमी-जास्त काही नाही, पण गोष्टी वेगळ्या आहेत: गे असणं म्हणजे कुणाबद्दल आकर्षण वाटतं, तृतीयपंथी असणं म्हणजे आपण स्वतःला स्त्री मानतो, पुरुष की आणखी काही. २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्तींचा कायदा आणि त्याखाली मिळणारं ओळखपत्रही निव्वळ गे, लेस्बियन किंवा बायसेक्शुअल माणसासाठी नाही. तालुक्याच्या कार्यालयात त्यासाठी खेटे घालू नका.

आठवडाभराची वही

पहिलं काम मोजण्याचं. सात दिवस रोज रात्री तीन गोष्टी लिहा: आज कुणाबरोबर वेळ गेला, किती मिनिटं, आणि त्या वेळात किती झाकावं लागलं. झाकण्याला ० ते ३ गुण द्या. ० म्हणजे मनात येईल ते बोललो, ३ म्हणजे प्रत्येक वाक्य तपासून टाकलं. नावांऐवजी खुणेची अक्षरं वापरा. वही घरात ठेवणं धोक्याचं असेल तर फोनमधल्या कुलूपबंद नोटमध्ये लिहा. आठव्या दिवशी ० गुणांच्या मिनिटांची बेरीज करा. ती आठवड्याला दोन तासांच्या आत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ती वाढवायची. दोन तासांचा हा आकडा कुठल्या शास्त्राचा नाही, कामापुरता धरलेला आहे. पण बेरीज शून्य आली की माणूस स्वतःच दचकतो, आणि ते उपयोगाचं असतं.

बेरीज कमी निघाली म्हणजे तुम्ही माणूसघाणे आहात असं समजू नका. दिवसभर माणसांत राहून ती शून्य येऊ शकते. हॉस्टेलवर, एकत्र कुटुंबात, दुकानाच्या गल्ल्यावर असंच होतं.

तीन माणसं, तीन कामं

तुम्हाला तीन प्रकारची माणसं लागतात. ज्याच्याशी खरं बोलता येईल असं एक. रात्री दोन वाजता बॅग घेऊन उभे राहिलात तर दार उघडेल असं एक. आणि बँक, पोलीस, वकील, दवाखाना अशा ठिकाणी बरोबर येईल असं एक. ही तिन्ही कामं एकाच माणसावर टाकू नका. नेहमीची चूक अशी की प्रियकर किंवा प्रेयसी हीच तिन्ही कामं करते, आणि ते नातं तुटलं की एका रात्रीत सगळंच जातं. त्यात लपून असलेल्यांच्या ब्रेकअपला सुतकसुद्धा नसतं. घरात 'डोकं दुखतंय' एवढंच सांगून पांघरूण ओढून पडावं लागतं.

माणसं कुठे भेटतात? मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून काम करतो आहे. लेस्बियन आणि बायसेक्शुअल स्त्रियांचा 'लाबिया' हा गट १९९५ मध्ये 'स्त्री संगम' या नावाने सुरू झाला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि २०११ पासून तिथे प्राइड मोर्चाही निघू लागला. नागपुरात सारथी ट्रस्ट आहे. भेटीच्या जागा आणि वेळा बदलत राहतात, म्हणून निघण्याआधी संस्थेच्या पानावरून किंवा फोनवरून खात्री करा. मोर्चात चालायचं नसेल तर चालू नका, मोर्चाच्या आसपासच्या आठवड्यांत लहान बैठका आणि चर्चा होतात. नव्या माणसाला त्या जास्त सोयीच्या.

पहिली भेट बहुधा फसते, हे धरूनच जा. गट आधीपासून जमलेला असतो, विनोद आतले असतात, बोलणं पटकन इंग्रजीत वळतं आणि आपण कोपऱ्यात चहाचा कप फिरवत बसतो. एका भेटीवरून ठरवू नका, तीनदा जा. दुसऱ्यांदा जाताना खुर्च्या लावणं, सह्या घेणं असं काहीतरी काम मागून घ्या. हातात काम असलं की बोलायला निमित्त मिळतं. आणखी एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. या गटांतही जात, रंग, शरीरयष्टी, इंग्रजी यांवरून वगळणं चालतं. बायसेक्शुअल माणसाला तर दोन्हीकडून ऐकावं लागतं. घरचे म्हणतात, 'मग मुलगीच बघ ना', आणि गटातले म्हणतात, 'तू शेवटी लग्नच करणार'. एखाद्या गटात हे वारंवार झालं तर गट बदला. दोष तुमच्यात शोधू नका.

तालुक्याच्या गावात असा गट नसतो. तिथे वेगळा मार्ग घ्या: आठवड्यातून ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी भेटणारं काहीही. ढोलपथकाचा सराव, हौशी नाटकाची तालीम, वाचनालय, रविवारचा ट्रेक, भजनी मंडळ. तिथे कुणाला काही सांगायची गरज नाही. नेमाने भेटणाऱ्या माणसांत आपोआप एक-दोन जण उमगतात. त्यांच्याशी काय आणि किती बोलायचं ते नंतर ठरवता येतं. खरं बोलण्याची गरज तोवर फोनवर भागवा. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची 'आयकॉल' ही समुपदेशन सेवा (९१५२९८७८२१) यासाठी चांगली आहे.

मन किती खालावलंय हे तपासणं

'बरं वाटत नाही' याला आकडा दिला की डॉक्टरशी बोलणं सोपं जातं. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची विनामूल्य प्रश्नावली मराठीतही मिळते. गेल्या दोन आठवड्यांबद्दल प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण द्यायचे, एकूण २७. ५ ते ९ म्हणजे सौम्य त्रास: माणसांची भेट, झोप आणि हालचाल यांकडे लक्ष द्या आणि दोन आठवड्यांनी पुन्हा भरा. १० किंवा जास्त आले तर डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञाला दाखवा. २० किंवा जास्त आले तर उद्या-परवावर ढकलू नका. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याला ० सोडून कोणताही गुण दिला असेल तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी कुणाशी तरी बोला. ही प्रश्नावली निदान करत नाही, पुढे जायचं की नाही एवढंच सांगते.

अशा रात्रीसाठीचा कागद बऱ्या दिवशीच लिहून ठेवायचा असतो. त्यात पाच-सहा ओळी पुरेत. माझं बिघडायला लागलं की आधी काय दिसतं (जेवण टाळणं, फोन बंद ठेवणं). एकट्याने काय केलं की अर्धा तास निघतो. कुठे जाऊन बसलं की चार माणसं आसपास असतात. कुणाला फोन करायचा, दोन नावं. मग सरकारी टेली-मानस: १४४१६, चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही. जीव धोक्यात असेल तर ११२ किंवा जवळचा अपघात विभाग. शेवटची ओळ सगळ्यांत महत्त्वाची: घरातली धोक्याची वस्तू आज कुणाच्या ताब्यात आहे? शेतावरच्या घरात कीटकनाशक आणि शहरात गोळ्यांचा साठा कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी असावा. जिवावर उठणारी लाट बऱ्याचदा थोड्या वेळात ओसरते, आणि तेवढ्या वेळात वस्तू हाताशी नसणं हाच मोठा बचाव ठरतो. हा कागद फोनमध्ये ठेवा आणि एका माणसाला पाठवून ठेवा. मानसिक आरोग्य कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं जातं. त्यामुळे 'पोलीस केस होईल' या भीतीने दवाखाना टाळू नका.

डॉक्टर निवडताना

मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट, औषध लिहू शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलून उपचार करतो आणि त्याच्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा, नोंदणी क्रमांक असतो. तो मागायला लाजू नका. 'कौन्सेलर' ही पाटी कुणीही लावतं, म्हणून तिथे शिक्षण विचारा. मुंबईच्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हने समुपदेशकांसाठी खास क्विअर, म्हणजे गे, लेस्बियन, बायसेक्शुअल, ट्रान्सजेंडर अशा, लोकांबरोबर काम करण्याचं प्रशिक्षण सुरू केलं आहे. ते घेतलेला समुपदेशक सापडला तर अर्धं काम झालं. पैशांची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग गाठा. खाजगीत 'फी कमी होते का' हे पहिल्याच फोनवर विचारा, बरेच जण करतात.

पहिल्या फोनवर आणखी दोन प्रश्न विचारा. 'गे, लेस्बियन किंवा बायसेक्शुअल लोकांबरोबर तुम्ही याआधी काम केलंय का?' आणि 'माझ्या घरच्यांनी तुम्हाला मला सरळ करायला सांगितलं तर तुम्ही त्यांना काय सांगाल?' दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐका. 'तो आजार नाही, त्यावर उपचार नसतो, हे त्यांना सांगेन' असं स्वच्छ आलं तर जा. 'बघू, काहींच्या बाबतीत फरक पडतो', 'हा वयाचा टप्पा असतो', 'लग्नानंतर मन रमतं' किंवा 'आधी हार्मोन तपासू' असं काही आलं तर फोन ठेवा आणि दुसरा नंबर लावा. समलैंगिकता 'बदलण्याचे' उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलं. त्यामागे मद्रास उच्च न्यायालयातलं २०२१ चं एस. सुषमा प्रकरण होतं. असा 'उपचार' झाला असेल तर पावत्या, चिठ्ठ्या आणि औषधांची पाकिटं जपून ठेवा, महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते.

उदासीवरच्या गोळ्या सुरू केल्या तर परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ किंवा अस्वस्थता वाढू शकते, आणि तिथेच बरेच जण गोळी सोडतात. सोडू नका, डॉक्टरला फोन करा. बरं वाटायला लागल्यावर एकदम बंद करणं हीही तशीच चूक.

एक कागद मात्र आजच करा. मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १४ नुसार कोणीही सज्ञान माणूस साध्या कागदावर सही करून आपला 'नामनिर्देशित प्रतिनिधी', म्हणजे उपचारांच्या निर्णयात आपल्या बाजूने उभा राहणारा माणूस, नेमू शकतो. नेमला नाही तर उपचारांच्या वेळी तो अधिकार साधारणपणे नातेवाइकांकडे जातो, आणि जे घर तुम्हाला 'सरळ' करायला निघालं आहे त्याच घराच्या हाती दाखल करण्याच्या अर्जाची सही येते. तुमच्या इच्छेविरुद्ध दाखल करायलाही दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते आणि सुरुवातीला ३० दिवसांची मर्यादा असते. नुसतं वडिलांनी सांगितलं म्हणून भरती करता येत नाही. त्याच कायद्यात लैंगिक कलावरून भेदभाव न करता उपचार मिळण्याचा हक्क आणि गोपनीयतेचा हक्कही आहे. 'हे आईला कळणार नाही ना?' असं पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

पायाखालची जमीन: कागद, फोन, पैसा

दहावीची गुणपत्रिका, जन्मदाखला, आधार, पॅन, जातीचा दाखला आणि जात पडताळणी प्रमाणपत्र हे सगळं घरच्या कपाटात असतं आणि किल्ली आईच्या कमरेला. मूळ कागद हळूहळू स्वतःकडे घ्या. नाहीच जमलं तर डिजिलॉकरमध्ये जे येतं ते उतरवा आणि बाकीचे स्कॅन करून ठेवा. त्याहून जास्त अडतं ते आधारला जोडलेल्या मोबाइल नंबरवर. तो वडिलांचा किंवा भावाचा असेल तर प्रत्येक ओटीपी त्यांच्याकडे जातो आणि घर सोडल्यावर बँकेचं साधं कामही होत नाही. स्वतःच्या नावाचं सिम घ्या, आधार केंद्रात नंबर बदलून घ्या, आणि मग बँकेत. त्याच क्रमाने.

तीन महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत घरात मोठी घोषणा टाळा. शहरात खोली घेताना डिपॉझिट, दलाली आणि पहिलं भाडं एकदम द्यावं लागतं, हे हिशेबात धरा. जोडीदाराबरोबर राहत असाल तर लीव्ह अँड लायसन्स करारात दोघांचीही नावं घाला. एकाचंच नाव असलं आणि तोच माणूस गेला किंवा भांडून निघाला तर दुसऱ्याला त्या घरात उभं राहायचा आधार उरत नाही. घरमालकाला नात्याचा तपशील द्यायची गरज नाही. लग्नाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात दिला नाही. मात्र ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की क्विअर जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. बँकेत कारकून अडला तर हेच सांगून शाखाधिकाऱ्याकडे जा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, त्यासाठी मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार पुरतात, मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी.

घरात बोलायचं असेल तर

बोलायलाच हवं असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. बोलायचं ठरवलं तर पहिला माणूस आई-वडील नसावेत. बहीण, मावशी, आत्येभाऊ, कुणीतरी एक. त्याची चाचणी घ्या: बातमीतल्या एखाद्या निकालाचा किंवा मोर्चाचा विषय सहज काढा आणि ऐका. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांमधल्या संमतीच्या संबंधांना, समलैंगिक संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून बाहेर काढलं, हा विषय चहावर निघू शकतो. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम उरलेलंच नाही. 'असली थेरं' असं उत्तर आलं तर दुसरा माणूस निवडा.

दिवस निवडताना गणपती, दिवाळी, लग्नघर, श्राद्ध, आजारपण टाळा. भांडणाच्या ओघात तर कधीच नको, कारण मग ती गोष्ट शस्त्र म्हणून फेकल्यासारखी होते. सकाळची वेळ बरी, म्हणजे संध्याकाळपर्यंत पहिला धक्का ओसरायला वेळ मिळतो. त्या रात्री दुसरीकडे झोपायची सोय आधीच करून ठेवा, लागली नाही तर उत्तम. बोलणं लहान ठेवा: 'मला मुलींबद्दल तसं वाटत नाही, मुलांबद्दल वाटतं. हे बरीच वर्षं आहे. कुणी शिकवलेलं नाही, आजार नाही. तुम्हाला आत्ता काही ठरवायला सांगत नाही.' शेवटचं वाक्य विसरू नका. बहुतेक घरं 'आता काय करायचं' या घाईत चुकीचं वागतात.

उत्तरं ठरलेली असतात. 'आमचं काय चुकलं?' याला 'काहीच नाही' एवढंच म्हणा, लांब स्पष्टीकरणाने अपराधीपण वाढतं. 'कुणाला सांगू नकोस' यावर तहाचं बोला: 'सहा महिने कुणाला सांगत नाही, पण तोवर स्थळं बघायची नाहीत.' मुदत घाला, नाहीतर ते गप्प बसणं आयुष्यभराचं होतं. 'लग्न केलं की ठीक होईल' याला मात्र सवलत नाही. शिक्षण, नोकरी, पत्रिका ही कारणं दोन-तीन वर्षं पुरतात आणि संपतात. त्याआधी 'मला लग्न करायचं नाही' हे नुसतं वाक्य, कारण न देता, वारंवार आणि आवाज न चढवता बोलायची सवय करा. कांदेपोह्यांच्या पहिल्याच कार्यक्रमाला जाऊ नका, एकदा गेलात की दुसऱ्याला नकार देणं अवघड होतं. गे पुरुष आणि लेस्बियन स्त्री यांनी सोयीचं लग्न करण्याची वाट काही जण घेतात. ती फसते ती सासरच्या अपेक्षांवर: मूल कधी, एकत्र राहत का नाही, दागिने कुणाचे. हे लेखी ठरवलं तरी दोन्ही घरं त्या कराराला बांधील नसतात.

जबरदस्ती झाली तर

१८ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला घरात कोंडणं हा गुन्हा आहे. मुलगी, बहीण असाल तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा वडील आणि भावाविरुद्धही वापरता येतो. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा, जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचं नाव विचारा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून (फोन १५१००) स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जोडीदाराला घरच्यांनी डांबून ठेवलं असेल तर उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पसची, म्हणजे डांबलेल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा अशी, याचिका करता येते. सर्वोच्च न्यायालयाने ११ मार्च २०२४ रोजी देवू जी. नायर प्रकरणात घालून दिलेल्या नियमांनुसार अशा याचिकांना प्राधान्य द्यायचं, त्या व्यक्तीशी घरच्यांच्या दबावाबाहेर, खाजगीत बोलायचं, आणि समुपदेशनाच्या नावाखाली तिचा कल बदलायचा प्रयत्न करायचा नाही. वकिलाला ही तारीख सांगा.

भगताकडे नेऊन 'अंगातलं' काढण्यासाठी मारहाण, चटके असं काही झालं तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागतो. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते तक्रारीत मदत करतात. आणि फारसा कुणाला माहीत नसलेला कायदा: महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो जुलै २०१७ पासून लागू आहे. त्यात समाजातल्या माणसांत लैंगिकतेवरून भेदभाव करणं हाही बहिष्काराचा एक प्रकार म्हणून लिहिला आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जातपंचायतीने किंवा समाजाच्या मंडळाने घराशी रोटी-बेटी, देवळात जाणं, अंत्यविधीला येणं बंद केलं तर हा कायदा दाखवा. मामाने तुम्हाला वास्तुशांतीला बोलावलं नाही म्हणून तो लागत नाही. कॉलेजातल्या छळासाठी यूजीसीच्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ पासून लैंगिक कलाचा स्पष्ट उल्लेख आहे, क्रमांक १८००-१८०-५५२२.

डेटिंग ॲपवर भेटून लुबाडणं किंवा 'घरी सांगेन' म्हणून पैसे मागणं हे फार होतं. पैसे देऊ नका, पहिला हप्ता दिला की दुसरा येतोच. समोरच्याला ब्लॉक किंवा अनमॅच करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, कारण बऱ्याच ॲपवर अनमॅच केलं की सगळं बोलणं नाहीसं होतं. स्क्रीनशॉटमध्ये नंबर, प्रोफाइल, तारीख-वेळ आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक दिसला पाहिजे. मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पैसे गेले असतील तर पहिले काही तास मोलाचे. खंडणीचा गुन्हा त्याच्यावर दाखल होतो. 'तुझ्यावरच केस होईल' ही त्याची धमकी पोकळ आहे, सज्ञानांमधल्या संमतीच्या संबंधांवर आता कुठलीही केस होत नाही.

घरातल्या कुणाला मदत करायची असेल तर

हा भाग दादासाठी, मावशीसाठी, वहिनीसाठी. सॅन फ्रान्सिस्कोच्या कुटुंबविषयक अभ्यासात २००९ मध्ये दिसलं की किशोरवयात घरून फार झिडकारलं गेलेल्या तरुणांत आत्महत्येचा प्रयत्न केल्याची शक्यता, अजिबात किंवा फारसं न झिडकारलेल्यांच्या ८.४ पट होती. तिथली घरं वेगळी आणि आपली वेगळी, तरी आकड्याची दिशा लक्षात घ्यावी. सगळं पटलं पाहिजे अशी अट नाही. टोमणे थांबवणं एवढंही सुरुवातीला पुष्कळ आहे.

त्याने तुम्हाला सांगितलेलं दुसऱ्या कुणाला सांगू नका, 'फक्त तुझ्या काकांना' असंही नाही. सांगायचंच असेल तर त्याला विचारून. लग्नपत्रिकेत नाव घालताना 'सहपरिवार' एवढ्यावर भागवू नका. जोडीदाराचं नाव माहीत असेल तर वेगळा फोन करून त्याला किंवा तिला बोलवा. पंगतीत शेजारी बसवा, आणि कुणी 'हा कोण?' विचारलं तर काय सांगायचं हे त्या दोघांनाच आधी विचारून ठेवा. काहींना 'मित्र' चालतं, काहींना ते टोचतं. पालकांना पालकांशी बोलू द्या. मुंबईत २०१७ मध्ये सुरू झालेला 'स्वीकार' हा आई-वडिलांचाच गट आहे, आणि दुसऱ्या आईकडून ऐकलेलं आईला जसं पटतं तसं तुमच्या-आमच्याकडून पटत नाही.

घर सोडून गेलेल्याला महिन्यातून एकदा फोन करा. 'परत कधी येतोस' विचारू नका. जेवलास का, भाडं भरलंस का, आजीचा गुडघा कसा आहे, असलं बोला. त्याने उचलला नाही तर पुढच्या महिन्यात पुन्हा करा.